व्यवस्थापन शिक्षण आणि नेतृत्वाची जडणघडण

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर येथे पोलादाचे मोठे कारखाने उभे राहत होते. यंत्रसामग्री परदेशातून आणता येत होती, भांडवलासाठी कर्ज उभारता येत होते. परंतु हे प्रचंड उद्योग दैनंदिन पातळीवर चालवणारी माणसे आयात करता येण्यासारखी नव्हती. ती देशातच घडवावी लागणार होती. याच जाणिवेतून नियोजन आयोगाने १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्ज रॉबिन्स यांना निमंत्रित केले. अखिल भारतीय स्तरावर व्यवस्थापन शिक्षणाची संस्था स्थापन करावी, अशी शिफारस त्यांनी केली. त्यानंतर नोव्हेंबर १९६१ मध्ये कोलकाता (तत्कालीन कलकत्ता) येथे आणि डिसेंबर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजेच आयआयएम, अस्तित्वात आल्या.

या घटनेला सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. आज देशात व्यवस्थापन शास्त्राची पदव्युत्तर पदवी वा पदविका देणाऱ्या संस्थांचे जाळे पसरलेले आहे. तथापि, आरंभी जो प्रश्न विचारला गेला तो अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. हिशेब, विपणन, उत्पादन नियोजन ही कौशल्ये वर्गात शिकवता येतात, याविषयी मतभेद नाही. परंतु माणसांना सोबत घेऊन जाण्याची क्षमता, अपुऱ्या माहितीच्या आधारे निर्णय घेण्याचे धैर्य आणि त्या निर्णयाची जबाबदारी स्वीकारण्याची वृत्ती, म्हणजेच नेतृत्व, शिकवता येते काय? आणि येत असल्यास ते कोणत्या पद्धतीने? स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न दुहेरी महत्त्वाचा आहे. लोकप्रशासन, नीतिशास्त्र व मानव संसाधन विकास या अभ्यासघटकांशी त्याचा थेट संबंध आहे. तसेच उद्या प्रशासनात जबाबदारी स्वीकारताना याच क्षमतांची कसोटी लागणार आहे.

व्यवस्थापन आणि नेतृत्व : संकल्पनांमधील भेद

व्यवस्थापनाच्या कार्यांची पहिली सुसूत्र मांडणी फ्रेंच खाण अभियंता हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये केली. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही पाच कार्ये त्यांनी सांगितली. अमेरिकेतील ल्यूथर गुलिक यांनी १९३७ मध्ये हाच विचार लोकप्रशासनाच्या संदर्भात विस्तारला. नियोजन, संघटन, कर्मचारी भरती व विकास, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक या सात कार्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेली ‘पोस्डकॉर्ब’ ही संज्ञा लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे.

या मांडणीत व्यवस्थापक काय करतो याचे उत्तर मिळते. परंतु त्यासाठी त्याच्या अंगी कोणती कौशल्ये असावीत, याचे उत्तर रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये दिले. त्यांच्या मते कौशल्यांचे तीन प्रकार आहेत. तांत्रिक कौशल्य म्हणजे विशिष्ट कामाचे ज्ञान. मानवी कौशल्य म्हणजे इतरांसमवेत व इतरांकडून काम करवून घेण्याची क्षमता. आणि संकल्पनात्मक कौशल्य म्हणजे संपूर्ण संस्थेकडे व तिच्या परिस्थितीकडे एकत्रितपणे पाहण्याची दृष्टी. कनिष्ठ स्तरावर तांत्रिक कौशल्याचे महत्त्व अधिक असते, वरिष्ठ स्तरावर संकल्पनात्मक कौशल्याचे. मानवी कौशल्याची गरज मात्र प्रत्येक स्तरावर असते. उत्तम अभियंता पदोन्नतीनंतर उत्तम प्रकल्पप्रमुख ठरेलच असे नाही, याचे स्पष्टीकरण या वर्गीकरणातून मिळते. पद बदलले तरी कौशल्यांचे प्रमाण आपोआप बदलत नाही.

कॅनडातील अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. पाच वरिष्ठ कार्यकारी अधिकाऱ्यांच्या प्रत्येकी एक आठवड्याच्या कामाचे त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षण केले. शांतपणे बसून योजना आखणारा व्यवस्थापक त्यांना आढळला नाही. आढळला तो सतत व्यत्यय येणाऱ्या, तुकड्या-तुकड्यांच्या कामात गुंतलेला माणूस. त्याची निम्मी कामे नऊ मिनिटांपेक्षा कमी वेळाची होती. या निरीक्षणावरून त्यांनी व्यवस्थापकाच्या दहा भूमिका मांडल्या व त्यांची परस्परसंबंधविषयक, माहितीविषयक आणि निर्णयविषयक अशा तीन गटांत विभागणी केली. ‘नेता’ ही त्या दहांपैकी एक भूमिका होय.

व्यवस्थापन आणि नेतृत्व यांतील सीमारेषा पुढे अधिक ठळक झाली. अब्राहम झालेझनिक यांनी १९७७ मध्ये व्यवस्थापक व नेता हे स्वभावतःच भिन्न असतात का, असा प्रश्न उपस्थित केला. जॉन कॉटर यांनी १९९० मध्ये त्याला वेगळे वळण दिले. त्यांच्या विवेचनानुसार व्यवस्थापन हे गुंतागुंतीला सामोरे जाण्यासाठी असते, तर नेतृत्व बदलाला सामोरे जाण्यासाठी. व्यवस्थापन अंदाजपत्रक व वेळापत्रक तयार करते. नेतृत्व दिशा ठरवते, लोकांना त्या दिशेने एकत्र आणते व त्यांना प्रेरणा देते. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे. दिशाच नसलेली शिस्त निष्फळ ठरते आणि शिस्त नसलेली दिशा केवळ घोषणा बनून राहते. त्यामुळेच आजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत या दोहोंचा समावेश केला जातो.

व्यवसाय शिक्षणाची जागतिक पार्श्वभूमी

उद्योग-व्यापाराचे शिक्षण विद्यापीठात द्यावे, ही कल्पना अमेरिकेत रुजली. १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॉर्टन स्कूलची स्थापना झाली. १९०८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल सुरू झाले व तेथे एमबीए हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आरंभण्यात आला. कायद्याच्या शिक्षणात प्रत्यक्ष खटल्यांचा अभ्यास होत असे; त्याच धर्तीवर प्रत्यक्ष उद्योगातील प्रसंग वर्गात चर्चेला घेण्याची पद्धत अधिष्ठाता वॉलेस डॉनहॅम यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकात, तेथे दृढ झाली. हीच केस पद्धत अथवा प्रसंगाभ्यास पद्धत होय.

१९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशन व कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या साहाय्याने अमेरिकेतील व्यवसाय शिक्षणाचा आढावा घेणारे दोन स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाले. शिक्षणाचा दर्जा खालावलेला आहे, अशी टीका त्यांत होती व संशोधन, गणिती विश्लेषण आणि सामाजिक शास्त्रे यांवर भर देण्याची शिफारस होती. त्यानुसार अभ्यासक्रम अधिक शास्त्रशुद्ध झाले. परंतु त्याचबरोबर प्रत्यक्ष व्यवहाराशी असलेले नाते सैल झाले, असा आक्षेपही पुढील काळात वारंवार घेतला गेला. विश्लेषण आणि अनुभव यांतील हा ताण व्यवस्थापन शिक्षणात आजही जाणवतो.

भारतातील वाटचाल

आयआयएमपूर्वीही भारतात या क्षेत्रात प्रयत्न झाले होते. जमशेदपूर येथील एक्सएलआरआय ही संस्था १९४९ मध्ये, कोलकाता येथील समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था १९५३ मध्ये, तर दिल्ली विद्यापीठाची व्यवस्थापन अध्ययन विद्याशाखा १९५४ मध्ये सुरू झाली. आयआयएमच्या उभारणीत मात्र केंद्र शासन, राज्य शासन, उद्योगजगत आणि परदेशी विद्यापीठ यांचा एकत्रित सहभाग होता. कोलकाता येथील संस्थेला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या स्लोन स्कूलचे, तर अहमदाबाद येथील संस्थेला हार्वर्ड बिझनेस स्कूलचे सहकार्य लाभले. दोन्ही ठिकाणी फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. परिणामी कोलकात्याचा कल संख्यात्मक विश्लेषणाकडे, तर अहमदाबादचा प्रसंगाभ्यासाकडे राहिला. अहमदाबादच्या संस्थेच्या उभारणीत डॉ. विक्रम साराभाई व उद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांचा मोठा वाटा होता.

त्यानंतर बंगळुरू (१९७३), लखनौ (१९८४), कोझिकोड व इंदूर (१९९६) आणि शिलाँग (२००७) असा विस्तार झाला. २०१० नंतर त्याला वेग आला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या संस्थांमध्ये नागपूरचा समावेश आहे. १९६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजेच नीटीचे, रूपांतर २०२३ मध्ये आयआयएम मुंबईत करण्यात आले. याखेरीज मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अध्ययन संस्था (१९६५), गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट (१९९३) आणि हैदराबाद येथील इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (२००१) यांनीही आपापले स्थान निर्माण केले आहे.

वैधानिकदृष्ट्या भारतीय व्यवस्थापन संस्था अधिनियम, २०१७ हा महत्त्वाचा टप्पा होय. तो ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला. या कायद्याने आयआयएमना राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा दर्जा मिळाला व पदविकेऐवजी पदवी देण्याचा अधिकार प्राप्त झाला. २०२३ च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रपती हे या संस्थांचे अभ्यागत, म्हणजेच व्हिजिटर, असतात. अन्य स्वायत्त संस्थांचे व्यवस्थापन पदविका अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने चालतात, तर एमबीए ही पदवी विद्यापीठांमार्फत दिली जाते.

प्रसंगाभ्यास : निर्णयाचा सराव

प्रसंगाभ्यास पद्धतीत व्याख्यान गौण असते. विद्यार्थ्यांना एखाद्या संस्थेतील प्रत्यक्ष परिस्थितीचे दहा-वीस पानी वर्णन आधी वाचावयास दिले जाते. त्यात आकडेवारी असते, व्यक्ती असतात, परस्परविरोधी मते असतात; उत्तर मात्र नसते. वर्गात प्राध्यापक एखाद्या विद्यार्थ्याला थेट विचारतात, “या अधिकाऱ्याच्या जागी आपण असता तर काय केले असते?”

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रसंग घेऊ. एका जिल्हा सहकारी दूध संघाची चाळीस संकलन केंद्रे आहेत व त्यांपैकी नऊ केंद्रे तोट्यात आहेत. संघाच्या नव्या व्यवस्थापकाला खर्च कमी करावयाचा आहे. पहिल्या पायरीवर विद्यार्थी वस्तुस्थिती वेगळी काढतात : प्रत्येक केंद्राचे संकलन, वाहतुकीचा खर्च, दुधाची प्रत. दुसऱ्या पायरीवर समस्या निश्चित होते : तोटा केंद्रांमुळे होतो की वाहतुकीच्या मार्गांमुळे? तिसऱ्या पायरीवर पर्याय पुढे येतात : केंद्रे बंद करणे, दोन केंद्रांचे एकत्रीकरण करणे अथवा मार्ग बदलणे. चौथ्या पायरीवर निकष ठरतात व पाचव्या पायरीवर निर्णय होतो. येथपर्यंतचा भाग व्यवस्थापनाचा आहे.

खरी चर्चा त्यानंतर रंगते. तोट्यातील नऊपैकी पाच गावांत दुग्धव्यवसाय हा भूमिहीन कुटुंबांचा एकमेव रोख उत्पन्नाचा मार्ग आहे, असे एखादा विद्यार्थी निदर्शनास आणतो. संघ हा सभासदांच्या मालकीचा आहे, तेव्हा निर्णय व्यवस्थापकाने घ्यावा की सर्वसाधारण सभेने, असा प्रश्न दुसरा उपस्थित करतो. निर्णय योग्य असला तरी तो गावात जाऊन कोण सांगणार, कोणत्या शब्दांत सांगणार आणि विरोध झाल्यास माघार कोठपर्यंत घेणार, हे प्रश्न कोणत्याही सूत्राने सुटत नाहीत. नेतृत्वाचा प्रदेश येथून सुरू होतो. ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात आपले मत मांडणे, ते खोडून काढले गेल्यावर न दुखावता बदलणे व दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेणे हा या पद्धतीचा न लिहिलेला अभ्यासक्रम होय.

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक उदाहरण लक्षणीय आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्रसंगाभ्यासाचा विषय झाली. डब्यावरील साधी सांकेतिक खूण, उपनगरी रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधलेले काम, मुकादमाच्या देखरेखीखालील स्वायत्त गट आणि गटांतर्गत उत्पन्नाचे समान वाटप, ही तिची वैशिष्ट्ये आहेत. अल्पशिक्षित कष्टकऱ्यांनी उभारलेली ही रचना पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवली जाते, यातून उत्तम व्यवस्थापन ही केवळ पदवीधरांची मक्तेदारी नाही, हे स्पष्ट होते.

नेतृत्वाचे सिद्धांत व त्यांचा उपयोग

नेतृत्व जन्मजात असते, हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. त्याला शास्त्रीय पद्धतीने छेद देणाऱ्या प्रारंभीच्या प्रयोगांत कर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत केलेल्या प्रयोगांचा समावेश होतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांना हुकूमशाही, लोकशाही आणि निर्हस्तक्षेपी अशा तीन शैलींचे प्रौढ नेते देण्यात आले. नेता समोर असताना हुकूमशाही शैलीच्या गटाचे काम चांगले होत असे. नेता खोलीबाहेर गेला की ते मंदावत असे. लोकशाही शैलीच्या गटात मात्र नेता बाहेर गेल्यावरही काम चालू राहत असे. तीच मुले निरनिराळ्या शैलींच्या नेत्यांखाली निरनिराळी वागली, म्हणजे वर्तनाचा उगम केवळ स्वभावात नसून नेतृत्वाच्या पद्धतीतही असतो, हे त्यातून दिसून आले. पद्धत असेल तर ती शिकताही येते.

पुढील काळातील काही प्रमुख सिद्धांत असे सांगता येतील. पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड यांच्या प्रसंगनिष्ठ नेतृत्वाच्या सिद्धांतानुसार (१९६९) एकच शैली सर्वत्र उपयोगी पडत नाही. अनुयायांची क्षमता व तयारी पाहून ती बदलावी लागते. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवाभावी नेतृत्वाची कल्पना मांडली. तीत नेत्याचे पहिले कर्तव्य इतरांच्या विकासाची सेवा हे असते. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये व्यवहारनिष्ठ व परिवर्तनकारी नेतृत्व असा भेद केला. पहिल्यात कामाच्या मोबदल्यात लाभ असा व्यवहार असतो; दुसऱ्यात नेता व अनुयायी परस्परांची नैतिक पातळी उंचावतात. डॅनियल गोलमन यांनी १९९० च्या दशकात भावनिक बुद्धिमत्तेकडे लक्ष वेधले. आत्मभान, आत्मनियमन, प्रेरणा, सहानुभाव व सामाजिक कौशल्य हे तिचे पाच घटक होत.

या सिद्धांतांची केवळ नावे पाठ करण्याने नेतृत्व येत नाही, हे उघड आहे. त्यांचा उपयोग आरशासारखा असतो. स्वतःचे वर्तन कोणत्या प्रकारात मोडते, हे ओळखण्यास ते साहाय्य करतात.

वर्गाबाहेरील शिक्षण

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधिष्ठित अध्ययनाचे चक्र मांडले. प्रत्यक्ष अनुभव, त्यावर चिंतन, त्यातून संकल्पनेची बांधणी आणि नव्या परिस्थितीत तिचा प्रयोग, असे त्याचे चार टप्पे आहेत. प्रसंगाभ्यासात अनुभव दुसऱ्याचा असतो. म्हणूनच व्यवस्थापन संस्था विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव देणारे उपक्रम राबवतात. पहिल्या वर्षानंतरची सुमारे दोन महिन्यांची उन्हाळी उमेदवारी, गटप्रकल्प व विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या समित्या ही त्याची सर्वपरिचित रूपे आहेत. खुद्द हार्वर्ड बिझनेस स्कूलनेही २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकार्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू केला.

भारतात या दिशेने काही वैशिष्ट्यपूर्ण प्रयोग झाले. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आणंद येथील ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत, म्हणजेच इर्मात, विद्यार्थ्यांनी गावात मुक्काम करून क्षेत्रकार्य करणे हा अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग ठरवण्यात आला. मुंबईच्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांना स्वयंसेवी संस्थांसमवेत प्रकल्प करावा लागतो. आयआयएम अहमदाबाद येथील ‘शोधयात्रा’ या अभ्यासक्रमात विद्यार्थी पायी प्रवास करून ग्रामीण भागातील ज्ञान व नवनिर्मिती समजून घेतात. गावात मुक्कामाला गेलेल्या विद्यार्थ्याजवळ अधिकार नसतो, पद नसते, अंदाजपत्रक नसते. लोकांनी ऐकावे असे वाटत असेल तर आधी त्यांचे ऐकावे लागते. अधिकाराविना प्रभाव निर्माण करण्याचा हा सराव वर्गात देता येत नाही.

जवाजाचा धडा

या संदर्भात आयआयएम अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक प्रा. रवी मथाई यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, त्यांनी हे पद स्वीकारले. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. संस्थेचे निर्णय प्राध्यापकांनी एकत्रितपणे घ्यावेत, अशी कार्यपद्धती त्यांनी रुजवली. संस्था स्थिरावल्यावर, १९७२ मध्ये, त्यांनी स्वतःहून संचालकपद सोडले आणि त्याच संस्थेत ते प्राध्यापक म्हणून काम करीत राहिले. संचालकपद ही कायमची सत्ता नसून ठरावीक मुदतीची जबाबदारी आहे, असा संकेत त्यातून निर्माण झाला.

१९७५ मध्ये त्यांनी राजस्थानच्या तत्कालीन अजमेर जिल्ह्यातील जवाजा या अवर्षणप्रवण विकास गटात काम सुरू केले. उद्योगांसाठी विकसित झालेले व्यवस्थापनाचे ज्ञान गरिबांच्या उपयोगी पडते काय, हा त्यामागील प्रश्न होता. जवाजात विकासयोग्य साधनसंपत्ती नाही, असा सर्वसाधारण समज होता. मथाई यांच्या दृष्टीने तेथील माणसे व त्यांचे कौशल्य हीच साधनसंपत्ती होती. चर्मकार व विणकर कारागिरांच्या गटांबरोबर काम सुरू झाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने त्यात सहभाग घेतला. कारागिरांनी नवी उत्पादने तयार करणे, बाजाराशी स्वतः बोलणे, हिशेब स्वतः ठेवणे व आपसांतील वाद स्वतः मिटवणे हे या प्रकल्पाचे शिक्षण होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी टप्प्याटप्प्याने बाजूला व्हावे, हे आरंभीच अभिप्रेत होते. या प्रयत्नांतून कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली.

हा मार्ग सोपा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या परावलंबी राहिलेल्या समूहात परस्परविश्वास निर्माण होण्यास वेळ लागतो. परंतु लेविन यांच्या प्रयोगातील निकष येथे प्रत्यक्ष जीवनात लावला गेला होता : नेता बाजूला झाल्यावर काम चालू राहते काय? संचालकपद सोडताना आणि जवाजात काम करताना मथाई यांनी याच प्रश्नाला महत्त्व दिले, असे दिसते.

मर्यादा आणि आक्षेप

व्यवस्थापन शिक्षणावरील आक्षेपांचा विचार केल्याखेरीज हे विवेचन पूर्ण होणार नाही. पहिला आक्षेप अनुभवाविषयीचा आहे. मिंट्झबर्ग यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ज्यांनी कधी कोणाचे व्यवस्थापन केलेले नाही अशा तरुणांना वर्गात व्यवस्थापक बनवता येत नाही. भारतात पदवीनंतर लगेच प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याने हा आक्षेप येथे विशेष लागू पडतो.

दुसरा आक्षेप निवडीविषयीचा आहे. कॅट ही सामाईक प्रवेश परीक्षा भाषिक आकलन, तर्क व गणिती क्षमता तपासते. गटचर्चा, लेखन व मुलाखतीतून अन्य गुण पाहिले जात असले, तरी विश्वासार्हता, संयम वा सहानुभाव मोजण्याचे खात्रीलायक साधन अद्याप उपलब्ध नाही.

तिसरा आक्षेप नीतिमत्तेविषयीचा आहे. २००१ मधील अमेरिकेतील एन्रॉन प्रकरण व २००९ मधील भारतातील सत्यम प्रकरण यांनंतर, उच्चशिक्षित व्यवस्थापकांच्या संस्थांतही फसवणूक होऊ शकते, हे जगासमोर आले. त्यानंतर अनेक संस्थांनी व्यावसायिक नीतिमत्ता व कंपनी सुशासन हे विषय अभ्यासक्रमात अधिक ठळकपणे आणले. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये स्वतंत्र संचालकांच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. तसेच कलम १३५ अन्वये विशिष्ट आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करण्याची तरतूद झाली.

चौथा आक्षेप विषमतेचा आहे. मोजक्या नामांकित संस्था व उर्वरित असंख्य महाविद्यालये यांच्यातील दर्जाची दरी मोठी आहे. अनुभवी प्राध्यापक, स्थानिक परिस्थितीवर आधारित प्रसंगाभ्यास व उद्योगांशी संपर्क यांची उणीव अनेक ठिकाणी जाणवते. शिवाय उच्च शुल्क व शैक्षणिक कर्जाचा भार यांमुळे पदवीधरांचा ओढा साहजिकच वित्त, सल्लासेवा व माहिती तंत्रज्ञान यांसारख्या अधिक वेतनाच्या क्षेत्रांकडे राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे, सहकारी संस्था, नगरपालिका, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना व्यवस्थापन कौशल्याची निकड सर्वाधिक असते. परंतु प्रशिक्षित मनुष्यबळ तेथे सर्वांत कमी पोहोचते.

सार्वजनिक व्यवस्थेसाठी नेतृत्व

ही दरी भरून काढण्याच्या दृष्टीने काही उपक्रम हाती घेण्यात आले आहेत. आयआयएम बंगळुरूने लोकधोरण व व्यवस्थापन या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला. कौशल्य विकास मंत्रालयाची महात्मा गांधी राष्ट्रीय छात्रवृत्ती प्रथम २०२० मध्ये आयआयएम बंगळुरूच्या सहकार्याने प्रायोगिक स्वरूपात व २०२१ मध्ये अधिक आयआयएमच्या सहभागाने राबवण्यात आली. दोन वर्षांच्या या कार्यक्रमात वर्गातील शिक्षण व जिल्हा प्रशासनासोबतचे काम यांची सांगड घालून जिल्हा कौशल्य विकास नियोजनास साहाय्य करणे अपेक्षित होते. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने इर्माचे रूपांतर ‘त्रिभुवन’ सहकारी विद्यापीठात करण्यात आले. सहकार क्षेत्रासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ निर्माण करणे हा त्याचा हेतू आहे.

प्रशासकीय सेवांच्या संदर्भात सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’चा उल्लेख आवश्यक आहे. नियमाधारित मनुष्यबळ व्यवस्थापनाकडून भूमिकाधारित व्यवस्थापनाकडे जाणे, हे त्याचे सूत्र आहे. पदासाठी कोणत्या क्षमता लागतात ते ठरवणे व त्यानुसार सेवाकाळभर शिक्षण उपलब्ध करून देणे, असा हा विचार होय. कॅट्झ यांनी केलेल्या कौशल्यांच्या वर्गीकरणाशी त्याचे नाते सहज लक्षात येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधील बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रहही याच दिशेचा आहे. आयआयएम इंदूरने २०११ मध्ये सुरू केलेल्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात व्यवस्थापनासोबत मानव्यविद्यांचा अंतर्भाव आहे.

समारोप

नेतृत्व शिकवता येते काय, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. निर्णयाची शिस्त, विश्लेषणाची सवय, संवादाचे कौशल्य व स्वतःच्या वर्तनाकडे पाहण्याची दृष्टी वर्गात देता येते. अधिकाराविना प्रभाव पाडण्याची कला क्षेत्रकार्यातून येते. परंतु जबाबदारी स्वीकारण्याची तयारी प्रत्यक्ष जबाबदारी घेतल्यानेच पक्की होते. या तिन्हींची योग्य सांगड घालणारे शिक्षणच खऱ्या अर्थाने व्यवस्थापन शिक्षण म्हणता येईल.

१९६१ मध्ये देशाला कारखाने चालवणारी माणसे हवी होती. आज कारखान्यांच्या जोडीला शहरे, रुग्णालये, सहकारी संघ, पाणीपुरवठा योजना व आपत्ती निवारण यंत्रणा चालवणारी माणसे हवी आहेत. त्यांची परीक्षा गुणपत्रिकेवर होणार नाही. एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाल्यानंतर त्याने सुरू केलेली पाणी समिती पुढील उन्हाळ्यात स्वतःहून बैठक घेते काय, यावर ती होईल. नेतृत्वाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी आणि ते घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा निकष समोर ठेवणे अगत्याचे आहे.